बावीस पोरांचं वाचन

चाचणीचा निरोप आला तेव्हा बाई शाळेच्या पायरीवर बसून पोरांच्या वह्यांवरची धूळ झटकत होत्या. निरोप फोनवर आला होता. येत्या आठ दिवसांत प्रत्येक मुलानं फोनसमोर एक उतारा वाचायचा. फोन तो ऐकणार, चुका मोजणार आणि गुण देणार. शिक्षकानं मध्ये बोलायचं नाही, सुचवायचं नाही. चाचणी फक्त शाळेच्या आवारातच उघडणार, तीही अकरा ते चार याच वेळात. खाली हात जोडल्याचं चित्र होतं, म्हणजे ही विनंती आहे असं समजायचं.

बाईंनी निरोप दोनदा वाचला आणि रस्त्यापलीकडं पाहिलं. पलीकडं क्रशर चालू होता.

शाळा आधीची, क्रशर नंतरचा. अकरा वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याला ते खडी फोडायचं यंत्र येऊन बसलं आणि तेव्हापासून अर्धा डोंगर त्याच्या जबड्यातून गेला होता. दगड पडला की जबडा तो चावायचा, पट्टा वर न्यायचा, जाळ्या हलायच्या, आणि तीन ढीग लागायचे: मोठी खडी, बारीक खडी, भुकटी. भुकटीचा बराचसा भाग वाऱ्यावर शाळेत यायचा. शाळेतली बावीसच्या बावीस पोरं क्रशरवर काम करणाऱ्यांची होती. बाईंचा नवराही तिथंच होता. यंत्राचा मिस्त्री. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत, आणि चारचौघांत बाईही.

त्या आवाजात शिकवता शिकवता बाईंचा गळा असा तयार झाला होता की बाजारात त्यांनी कुणाला हाक मारली तर दहा माणसं वळून बघत. घरी मिस्त्रींचा डावा कान कामातून गेलेला, उजवा अर्धा. त्यामुळे नवराबायकोतली खासगी बोलणी शेजारच्या तीन घरांना पाठ असायची.

शाळेत यंत्रं याआधीही आली होती. एकदा मोठा पडदा आला, त्यावर धडे दिसणार होते. तो भिंतीवर होता, त्याला पोतं पांघरलेलं होतं आणि मागं उंदरांनी संसार मांडला होता. मग एका पेटीतून पाच टॅब आले. ते वापरले तर मोडतील आणि मोडले तर जबाब द्यावा लागेल, म्हणून पेटी वर्षातून एकदा उघडून टॅब मोजायचे आणि परत ठेवायचे. मग हजेरी फोनवर आली, मग पोरांच्या जेवणाचा फोटो, मग हात धुतल्याचा फोटो. बाईंनी सगळं निमूटपणे केलं होतं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि कुणाच्या नजरेत न येता ती काढायची एवढंच त्यांच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांनी पहिली पोरगी उभी केली. नऊ वर्षांची, काडीसारखी, पण डोळा आणि जीभ दोन्ही अणकुचीदार. बाई तिला टाचणी म्हणायच्या. शाळेत तिच्याइतकं स्वच्छ कुणी वाचत नसे. पहिला मान तिचा.

फोनवर उतारा आला. एका माळ्यानं विहिरीजवळ पेरूचं झाड लावलं, त्याची गोष्ट. टाचणीनं ताठ उभं राहून तो धडाधड वाचला. कुठं अडखळली नाही, पूर्णविरामाला थांबली, प्रश्नाला आवाज चढवला. पडद्यावर एक गोल फिरला, करडा झाला आणि फोनमधून गोड आवाज आला, “आवाज ओळखता आला नाही. कृपया शांत जागी जा.”

टाचणीनं पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती ओरडून वाचू लागली, मानेच्या शिरा ताणल्या, आणि माळी, विहीर, पेरू सगळं एका सुरात किंचाळत सुटलं. फोननं तिला शंभरापैकी चार गुण दिले, आणि नोंद पक्की करायची का म्हणून विचारलं. बाईंनी घाईघाईनं नाही दाबलं.

“माझं काय चुकलं, बाई?” टाचणीनं विचारलं.

बाई म्हणाल्या, तुझं काही चुकलं नाही, याला ऐकू येत नाही.

मग शांत जागा शोधायचं सुरू झालं. वर्गाच्या मागं कोठीची खोली होती, खिडकी नसलेली, वर पत्रा. तिथं दोन सतरंज्या दाराला टांगल्या आणि एकेक पोर आत घेतलं. उन्हाळ्याचे दिवस. आत भट्टी. पोरं घामानं निथळत वाचत होती आणि पत्रा क्रशरच्या सुरात सूर मिसळून थरथरत होता. फोन म्हणायचा, कृपया शांत जागी जा. बाईंनी पोरांना शाळेमागच्या चरात बसवून पाहिलं. एका पोराच्या डोक्यावरून घोंगडी घालून पाहिलं. ते आतच रडायला लागलं. जे पोर ओरडेल त्याचे शब्द फुटायचे, जे हळू वाचेल त्याचा आवाज क्रशर गिळायचा. दोन दिवसांत एकही नोंद झाली नाही. पोरांना तो उतारा पाठ झाला आणि त्यातल्या माळ्याचा त्यांना राग येऊ लागला.

बोलण्याइतकी रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळायची. तिथं जाऊन बाईंनी शिक्षण खात्याच्या साहेबांना फोन लावला. साहेब चांगल्या शब्दांत बोलले. म्हणाले, बाकी शाळांचं झालं, तुमचीच अडचण कशी? बाईंनी क्रशरचं सांगितलं. साहेब म्हणाले, ते या चाचणीत कुठं भरायची सोय नाही. मग जरा आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं की ज्या शाळा मागं राहतील त्यांची यादी वर जाणार आहे, आणि कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेला जोडायच्या म्हणून तीच यादी वापरणार आहेत.

मोठी शाळा सहा किलोमीटरवर होती, टिपरच्या रस्त्यानं. बाईंनी टाकीला पाठ टेकून मनातल्या मनात हिशेब केला, कोण जाईल आणि कोण घरी बसेल. टाचणीला दोन धाकटी भावंडं होती. ती घरी बसणार हे त्यांना आधीच कळलं.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई क्रशरच्या मालकाकडं गेल्या. मालक पत्र्याच्या खोलीत पंख्याखाली बसले होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं. बाईंनी सांगितलं, फक्त दोन तास. एखाद्या दुपारी यंत्र थांबवलं तर बावीस पोरांचं काम होईल.

मालक ऐकत होते. मग म्हणाले, “बाई, रस्त्याचं काम आहे. पावसाच्या आत द्यायचंय. मी दोन तास थांबवलं तर बारा टिपर उभे राहतात. त्यावर बसलेली माणसं तुमच्याच पोरांचे बाप आहेत.”

बाई म्हणाल्या, पोरांसाठीच मागतेय.

“मलाही पोरं आहेत,” मालक म्हणाले, आणि समोरचा कागद ओढून वाचू लागले. पाणी अजून आलं नव्हतं. मग त्या उठल्या. परतताना मिस्त्री पट्ट्याखाली उकिडवे बसून वंगण घालताना दिसले. त्यांनी वर पाहिलं, बायकोचा चेहरा पाहिला, आणि परत मान खाली घातली.

संध्याकाळी जेवताना बाईंनी त्यांना काहीच सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे मोठ्यानं सांगायचं, आणि ही गोष्ट शेजारी ऐकण्यासारखी नव्हती. पण चाचणीचं मिस्त्रींना पोरांच्या बापांकडून कळलंच होतं. त्यांनी ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि परत येऊन समोर बसले.

“किती वेळ लागेल?” त्यांनी विचारलं.

बाईंनी दोन बोटं दाखवली.

मिस्त्रींनी आपल्या तळव्याकडं पाहिलं. तळव्याच्या रेषांत वंगण कायमचं मुरलं होतं. म्हणाले, “उद्या साडेबाराला पट्टा सरकेल. मालक शहरात जाणार आहेत.”

नको, असं बाईंनी मान हलवून सांगितलं. पण ती मान फार जोरात हलली नाही, हे त्यांचं त्यांनाही कळलं.

चौथ्या दिवशी साडेबाराला क्रशर थांबला. आधी जबडा थांबला, मग जाळ्या, शेवटी पट्टा दोनचार गचके देऊन गप्प झाला. वर्गात जे झालं त्याची बाईंनी कल्पना केली नव्हती. पोरं घाबरली. कामाच्या दिवशी, वर्गात बसलेलं असताना त्यांनी असलं काही ऐकलंच नव्हतं. कुठंतरी एक तान्हं मूल रडत होतं, ते ऐकू आलं. छपरावर पाखरांची नखं वाजत होती. एक पोरगा खिडकीशी धावला आणि म्हणाला, कुणीतरी सापडलं वाटतं यंत्रात. दोघी रडायला लागल्या, कारण त्यांचे बाप जबड्यावर होते.

बाईंनी सगळ्यांना बसवलं, काही झालं नाही म्हणून सांगितलं, आणि पहिलं पोर पुढं ओढलं. ते कुजबुजत वाचू लागलं. शांततेत आपला आवाज केवढा काढायचा हेच कुणाला कळेना. तरी गोल हिरवा झाला. शहात्तर गुण. दुसरं पोर. तिसरं. घाईत नाव निवडताना बाईंचं बोट दुसऱ्याच नावावर पडायचं. टाचणीला त्यांनी मागं ठेवलं होतं. तिची खात्री होती, ती शेवटी दोन मिनिटांत होईल.

चौदा पोरं झाली आणि बाहेर गाडीचं दार आपटलं. मालक शहरात गेलेच नव्हते, किंवा गेले होते आणि कुणीतरी कळवलं होतं. त्यांचा आवाज शाळेत स्पष्ट ऐकू आला, कारण ऐकू यायला आता मध्ये काही नव्हतं.

“कुठं सरकलाय पट्टा? दाखव मला.”

मिस्त्री काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. पट्टा जागच्या जागी होता. पोरं खिडकीतून बघत होती आणि बाईंनी त्यांना हाकललं नाही. सगळ्या माणसांदेखत मालकांनी मिस्त्रींच्या हातातला पाना काढून घेतला आणि एका जाळ्या झाडणाऱ्याच्या हातात दिला. फावडं दाखवलं. मिस्त्रींनी फावडं उचललं. मग क्रशर सुरू झाला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

बाई फोन घेऊन टाकीकडं गेल्या. चौदा तर चौदा, ती तरी वर जाऊ देत. रेंज आली, फोन थरथरला आणि पडद्यावर आलं की चाचणीची नवी आवृत्ती आली आहे, ती घेतल्याशिवाय नोंदी पाठवता येणार नाहीत. बाईंनी होय दाबलं. पट्टी हळूहळू भरत गेली. त्या उन्हात उभ्या राहून ती भरताना बघत होत्या. नवी आवृत्ती उघडली. रंग छान होते. वर लिहिलं होतं, बावीसपैकी शून्य.

त्यांनी ते परत परत बंद करून उघडलं. साहेबांना फोन केला. साहेबांनी कुणा तज्ज्ञाचा नंबर दिला. तज्ज्ञ एक तरुण पोरगा होता, फार नम्र. त्यानं विचारलं, नवीन आवृत्ती घ्यायच्या आधी जुन्या नोंदी जपून ठेवल्या होत्या का, मॅडम? बाईंनी विचारलं, त्या कशा जपतात? तो म्हणाला, आता इलाज नाही, पण पुढच्या वेळी लक्षात ठेवा.

मिस्त्री आता टिपर भरत होते. चोपन्न वर्षांचं शरीर, यंत्राजवळ वाकायची सवय, पण उचलायची नाही. पहिल्या संध्याकाळी घमेलं उचलताना निघालेली कळ पाठीतून खाली पायात उतरली आणि ते दाराच्या चौकटीला धरून घरात आले. बाईंनी तेल गरम करून पाठीला चोळलं. पाठीवर खडीची भुकटी घामात कालवून सिमेंटसारखी बसली होती. तेलानं ती सुटत नव्हती, मग आधी पाण्यानं काढली. चोळता चोळता बाईंनी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं की चौदा नोंदी गेल्या.

मिस्त्रींनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. “कुठं गेल्या?”

ते बाईंनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा मालकांकडं गेल्या, माफी मागायला. नवऱ्याचं काही चुकलं नाही, मीच सांगितलं होतं, असं खोटं म्हणायची त्यांनी तयारी केली होती. मग वाटेत लक्षात आलं की ते फारसं खोटंही नाही. पत्र्याच्या खोलीचं दार बंद होतं. खिडकीतून आत पंखा फिरताना दिसत होता. बाई दारात अर्धा तास उभ्या राहिल्या. शाळेतली पोरं रस्त्यापलीकडून बघत होती. ज्याच्या हाती आता पाना होता तो माणूस बाहेर येऊन, खाली मान घालून म्हणाला, बाई, तुम्ही जा. त्याची दोन पोरं बाईंच्याच शाळेत होती.

साहेबांचा रोज निरोप येत होता. त्यात शाळांची यादी असे, झालेल्या हिरव्या, बाकी लाल. सातव्या दिवशी यादीत एकच लाल ओळ होती.

आठव्या दिवशी बाई शाळेत आल्या आणि पोरांना म्हणाल्या, आज चाचणी नाही, उतारा वहीत लिहून काढा. अकरा वाजता त्या कोठीच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. सतरंज्या टांगल्या. फोन ओठांना लावला आणि स्वतः वाचायला सुरुवात केली.

त्यांचा आवाज क्रशरच्या वर जात होता. त्या शाळेत तो एकच आवाज होता जो क्रशर चालू असताना फोनला ऐकू आला. गोल हिरवा झाला.

बाईंनी पोरांचं वाचन चांगलं करून दाखवलं नाही. ते त्यांच्या हातून होईना. यादीत नाव आलं की ते पोर डोळ्यांसमोर यायचं आणि त्या तसं वाचायच्या. एक जण ‘माळी’ला ‘माली’ म्हणायचा, त्यांनी ‘माली’ म्हटलं. एक जण दुसरी ओळ हमखास गाळायचा, त्यांनी गाळली. एक पोरगी जोडाक्षर आलं की श्वास धरून थांबायची. बाई तिथं श्वास धरून थांबल्या, तिच्याएवढाच वेळ. दोघं भाऊ ‘लावलं’ला ‘लागलं’ वाचायचे. कुणाची कोणती चूक, हे कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि बाईंना ते कधी आठवावंही लागलं नव्हतं. फोन गुण देत गेला. बावन्न, एकोणचाळीस, सत्तर. बहुतेक तेवढेच जेवढे त्यांनी स्वतः दिले असते.

पत्र्याखाली अंग वाफाळलं होतं. तिनाच्या सुमाराला घशात काहीतरी फाटल्यासारखं झालं. थुंकीत किंचित लाल दिसलं. त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.

दाराला कान लावून पोरं ऐकत होती हे त्यांना नंतर कळलं. आधी ती हसली, आपापली चूक ओळखून, एकमेकांना कोपरानं ढोसून. मग हसायची थांबली.

साडेतीनला एकच नाव उरलं. बाईंनी दार उघडलं. टाचणी दारातच उभी होती.

“माझं मी वाचते,” ती म्हणाली.

बाईंनी तिला आत घेतलं, फोन तिच्या हातात दिला. तिनं वाचलं, एक शब्द चुकली नाही. आवाज ओळखता आला नाही. तिनं ओठ फोनला चिकटवून वाचलं. कृपया शांत जागी जा. बाईंनी तिच्या तोंडाभोवती दोन्ही हातांची ओंजळ धरली, आणि पोरगी त्या ओंजळीत वाचत राहिली, पाच वेळा, सहा वेळा. तिचा गरम श्वास बाईंच्या तळव्याला लागत होता. चारला सात मिनिटं कमी होती.

बाईंनी हात पुढं केला. टाचणीनं फोन दिला नाही. मग बाईंनी तिच्या बोटांतून तो सोडवून घेतला. फार जोर लावावा लागला नाही.

त्या टाचणीसारखं वाचू लागल्या, म्हणजे स्वच्छ. आवाज घोगरा झाला होता पण शब्द निघत होते. गोल हिरवा झाला, पडद्यावर टाचणीचं नाव आलं आणि त्याखाली शंभर. फुलं उधळल्याचं चित्र आलं. टाचणी ते बघत होती. मग ती दप्तर घेऊन घरी गेली.

टाकीजवळून बावीस नोंदी वर गेल्या. साहेबांचा लगेच फोन आला, मनावर घेतलं की होतं बघा, म्हणाले. बाईंनी उत्तर दिलं ते त्यांना ऐकू गेलं नाही. हॅलो, हॅलो करून त्यांनी फोन ठेवला. यादी सगळी हिरवी झाली. आणखी दोन दिवसांनी निरोप आला की पुढच्या वर्षी चाचणी महिन्यातून एकदा होईल.

घरी मिस्त्री भिंतीला पाठ लावून बसले होते. झालं का, असं त्यांनी विचारलं. बाई झालं म्हणाल्या, पण गळ्यातून नुसता वारा आला. मिस्त्रींनी उजवा कान पुढं केला. बाईंनी पुन्हा सांगितलं. मिस्त्री त्यांच्या ओठांकडं बघत राहिले, मग आपल्याच कानावर हात ठेवून म्हणाले, “आता हाही गेला वाटतं.” बाईंनी मान हलवली. माझा आवाज गेलाय, तुमचा कान नाही, हे हातवाऱ्यांनी सांगता सांगता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

आठवडा गेला तरी आवाज नीट परतला नाही. बाई फळ्यावर लिहून शिकवू लागल्या. क्रशर चालू होता, टिपर जात होते, रस्त्यापलीकडं फावड्यावर वाकलेल्या माणसांत एक पाठ त्यांना खिडकीतून ओळखू यायची. ती इतरांपेक्षा सावकाश सरळ व्हायची.

त्या दिवशी नवा धडा होता. नवा धडा पहिल्यांदा मोठ्यानं वाचायचा मान नेहमी टाचणीचा असे. बाईंनी पुस्तक उघडून तिच्यापुढं धरलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. टाचणी उठली नाही. तिनं पुस्तकाकडं पाहिलं, मग बाईंकडं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

“तुम्हीच वाचा, बाई,” ती म्हणाली.

बाकीची एकवीस पोरं बाईंकडं बघत होती. बाईंनी पुस्तक वर उचललं, तोंड उघडलं.